एक टाकी, तीन आकडे: ९६०० क्वार्ट म्हणजे किती घनमीटर?

पार्श्वभूमी

प्रकरण एका कार्यशाळेतलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आकडे मात्र तेव्हाच्या नोंदवहीतले आहेत. मी त्या वेळी तिथे देखभालीचं काम बघत होतो आणि पहिला चुकलेला हिशेब माझा होता.

कार्यशाळेने यंत्रं थंड ठेवणारा एक जुना संच विकत घेतला होता. एक आयताकृती टाकी, दोन पंप, एक हीट एक्स्चेंजर (पाण्यातली उष्णता काढून घेणारा भाग) आणि सगळ्यांना जोडणारी पाइपलाइन. पहिल्या मालकाकडे होता तसाच, पाइपांसकट उचलून आणून बसवला. पाणी बंद चक्रात फिरतं, म्हणून त्यात गंजरोधक रसायन ठरलेल्या प्रमाणात ठेवावं लागतं. कमी पडलं तर पाइप आतून खायला लागतात, जास्त झालं तर रसायन वाया जातंच, शिवाय पुढे ते पाणी सोडताना अडचण होते.

संचाबरोबर एक माहितीपुस्तिका आली होती. त्यात आमच्या कामाच्या दोनच ओळी होत्या. एक, पूर्ण भरणा ९६०० क्वार्ट. दुसरी, रसायन दर १००० गॅलनला २ क्वार्ट. आमचं बाकी सगळं घनमीटरमध्ये चालायचं. पाण्याचं मीटर, महिन्याचा अहवाल, रसायनाच्या नोंदी, सगळं. त्यामुळे पहिलं काम होतं ९६०० क्वार्टचे घनमीटर करणं. पाच मिनिटांचं काम, असं मी धरून चाललो.

अडचण

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकाच टाकीचे तीन आकडे कागदावर आले.

माझा आकडा १०.९१ घनमीटर. भांडारातल्या सहकाऱ्याचा ९.०८. आणि आमच्या जुन्या स्प्रेडशीटच्या छापील प्रतीवरून एका प्रशिक्षणार्थीने काढलेला ९.६. तिघांचे गुणाकार बरोबर होते. कॅल्क्युलेटरवर पुन्हा पुन्हा करून पाहिले, तेच आले. म्हणजे फरक गुणाकारात नव्हता, ज्या संख्येने गुणलं तिच्यात होता.

क्वार्ट म्हणजे गॅलनचा चौथा भाग, इथपर्यंत वाद नाही. पण गॅलन एक नाही. अमेरिकेत चालतो तो द्रव गॅलन २३१ घनइंचांचा. इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या काळात, १७०७ साली, वाइनसाठी कायद्याने ठरलेलं हे माप, ते अमेरिकेने पुढे तसंच ठेवलं. ब्रिटनने मात्र १८२४ च्या कायद्याने जुनी मापं मोडीत काढली आणि ६२ अंश फॅरनहाइटला १० पौंड पाणी जितकी जागा घेतं तितका नवा गॅलन ठरवला. तो आज ४.५४६०९ लिटर धरला जातो. त्यामुळे अमेरिकन द्रव क्वार्ट ०.९४६३५२९४६ लिटरचा आणि ब्रिटिश, म्हणजे इम्पीरियल, क्वार्ट १.१३६५२२५ लिटरचा. अमेरिकेत धान्यासारख्या सुक्या मालासाठी तिसराही एक क्वार्ट आहे. तो २१५०.४२ घनइंचांच्या बुशेलचा बत्तिसावा भाग, साधारण १.१०१२ लिटर. ब्रिटनच्या १८२४ च्या मापाने ओलं-सुकं हा भेद संपवला, अमेरिकेत तो राहिला.

हजार लिटरचा एक घनमीटर, तेव्हा:

अमेरिकन द्रव क्वार्ट: ९६०० × ०.०००९४६३५३ = ९.०८५ घनमीटर
इम्पीरियल क्वार्ट: ९६०० × ०.००११३६५२ = १०.९११ घनमीटर

दोघांत सुमारे १.८३ घनमीटरचा फरक, म्हणजे वीस टक्के.

आणि प्रशिक्षणार्थीचे ९.६? त्याचा उगम शोधायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. स्प्रेडशीटमध्ये गुणक बरोबर साठवलेला होता, ०.०००९४६३५३. पण तो रकाना तीनच दशांश स्थळं दाखवत होता, म्हणून छापील कागदावर ०.००१ आलं. त्याने कागदावरचा आकडा घेतला. ‘क्वार्ट म्हणजे जवळजवळ लिटरच’ हे आपण बोलताना म्हणतो, तेच इथे नकळत हिशेबात शिरलं. एका क्वार्टला फरक ५४ मिलिलिटरचाही नाही. ९६०० क्वार्टला तो ५१५ लिटर होतो, अर्ध्या घनमीटरहून जास्त.

मी इम्पीरियल का धरला, तेही सांगायला हवं. पुस्तिकेतलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं होतं. ‘रंग’ या शब्दाचं स्पेलिंग त्यात सहा अक्षरी होतं, अमेरिकन पद्धतीचं पाच अक्षरी नव्हे. त्यावरून मी ठरवलं की मापंही ब्रिटिश असणार. कारण तेव्हा पटण्यासारखं वाटलं होतं. पण ती पुस्तिका दुसऱ्या बाजारासाठी नव्याने लिहिली गेली असेल, भाषा बदलली असेल आणि आकडे जुनेच ठेवले असतील, हा विचार मनात आला नाही. भाषा लिहिणाऱ्याची असते, टाकी बनवणाऱ्याची असेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संच सुरू करायचा होता. मी १०.९१ हा आकडा धरला, दर घनमीटरला ०.५ लिटर या हिशेबाने ५.४५ लिटर रसायन मोजून टाकलं आणि पाणी फिरवायला सुरुवात केली. दोन दिवसांनी चाचणी घेतली. रसायनाचं ठरलेलं प्रमाण शंभर धरलं, तर पाण्यात सुमारे एकशे वीस आलं. नमुना दोनदा बदलला तरी तेच.

चाचणीचं साहित्य जुनं असेल, असं एकाने म्हटलं. मला मात्र तो वीसचा आकडा डाचत राहिला. आदल्या दोन दिवसांत तोच फरक मी कागदावर पाहिला होता.

रसायनाच्या मात्रेवरचा वाद

मध्येच एक वाद झाला आणि त्यात जवळजवळ अर्धा दिवस गेला. ‘दर १००० गॅलनला २ क्वार्ट’ यातले गॅलन आणि क्वार्ट कुठले, अमेरिकन की ब्रिटिश? दोन गट पडले.

खरं तर इथे कुठले, याने काहीच बिघडत नाही. क्वार्ट गॅलनचा चौथा भाग, म्हणून १००० गॅलन म्हणजे ४००० क्वार्ट. ४००० ला २, म्हणजे २००० ला १. हे नुसतं गुणोत्तर आहे, त्यात मापाचं नाव उरतच नाही. घनमीटर म्हणजे १००० लिटर, त्याचा दोन हजारावा भाग अर्धा लिटर. दोन्ही मापं एकाच घराण्यातली असली की उत्तर दर घनमीटरला ०.५ लिटर, मग घराणं कुठलंही असो.

बिघडतं ते घराणी मिसळली की. २ क्वार्ट अमेरिकन घेतले आणि १००० गॅलन ब्रिटिश धरले, तर १.८९ लिटर ४५४६ लिटरमध्ये जातात, म्हणजे दर घनमीटरला ०.४१६ लिटर. आमच्यापैकी एकाने नेमकं हेच केलं होतं, कारण रसायनाच्या डब्यावर अमेरिकन क्वार्ट छापलेले होते आणि माझ्या कागदावर इम्पीरियल लिहिलेलं होतं.

कुठल्या आकड्याला मापाचं नाव लागतं आणि कुठल्याला लागत नाही, एवढं आधी पाहिलं असतं तर तो अर्धा दिवस वाचला असता. प्रमाणाला नाव लागत नव्हतं, एकूण भरण्याला लागत होतं.

समोर असलेले पर्याय

बनवणाऱ्या कंपनीला विचारणं हा पहिला. पत्र पाठवलं. काम थांबलेलं होतं आणि उत्तराची वाट पाहत बसणं शक्य नव्हतं.

तिन्ही आकड्यांची सरासरी घ्या, असंही सुचवलं गेलं. ती ९.८७ येते. हा पर्याय मी ठामपणे नाकारला. सरासरीने चूक लहान होते ती एकच गोष्ट अनेकदा मोजली तर. इथे तीन मोजमापं नव्हती, तीन समजुती होत्या. ९.८७ घनमीटर कुठल्याच क्वार्टने येत नाही, म्हणजे तो आकडा नक्की चूक असणार होता.

टाकी पूर्ण रिकामी करून मीटरमधून पुन्हा भरणं हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग. पण त्यासाठी अख्खा दिवस यंत्रं बंद ठेवायची आणि नऊ-दहा घनमीटर रसायनमिश्रित पाण्याचं काय करायचं ते ठरवायचं. हाताशी दुसरं काहीच नसतं तर हेच केलं असतं.

उरले दोन मार्ग, टेपने मोजणं आणि रसायनावरून उलटा हिशेब करणं. दोन्ही स्वस्त, दोन्ही अपुरे. पण त्यांच्या अपुरेपणाची कारणं वेगळी होती, म्हणून ते एकमेकांना आधार देऊ शकत होते.

काय केलं

उलटा हिशेब आधी केला, कारण त्याची सामग्री हातात होती. टाकलेलं रसायन ५.४५ लिटर, ते आम्ही मोजूनच टाकलं होतं. पाण्यात आढळलेलं प्रमाण ठरवलेल्याच्या १.२ पट, म्हणजे दर घनमीटरला ०.६ लिटर. ५.४५ ला ०.६ ने भागलं की ९.०८ घनमीटर. आकडा इतका जुळला की भांडारातला सहकारी तिथेच थांबायला तयार झाला. पण चाचणीत पाच टक्के इकडेतिकडे होतं. तेवढी सूट दिली की उत्तर साधारण ८.६५ ते ९.५५ यांच्यामध्ये कुठेही बसतं. १०.९१ बाद झाले, ९.६ मात्र अगदी उंबरठ्यावर उभे राहिले.

मग टेप. टाकीची आतली लांबी २.५० मीटर, रुंदी २.१० मीटर, तळापासून ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत उंची १.६२ मीटर. गुणाकार ८.५०५ घनमीटर. पाइपांचा आतला व्यास १०० मिलिमीटर, एकूण लांबी ६२ मीटर, त्यात ०.४८७ घनमीटर. हीट एक्स्चेंजरच्या पाटीवर ८५ लिटर लिहिलेलं होतं. बेरीज ९.०८. उंची मोजताना दोन सेंटिमीटरची चूक धरली तर ५.२५ चौरस मीटर तळावर ती ०.१ घनमीटरची होते. ९.६ पर्यंत पोचायला उंचीत दहा सेंटिमीटरची चूक लागली असती, आणि तेवढं आम्ही नक्कीच चुकलो नव्हतो.

याच कामात आमचे ज्येष्ठ फिटर पंपाच्या चौकटीखाली वाकले होते. रंगाचे दोन-तीन थर चढलेली, चार रिव्हेटांनी बसवलेली एक पाटी त्यांच्या बोटांना लागली. पातळ पत्र्याने रंग खरवडला, वर तेलाचं फडकं फिरवलं, तशी अक्षरं उठून आली. पूर्ण भरणा २४०० गॅलन. खालच्या ओळीत, पाण्याचं वजन २०,००० पौंड.

या दुसऱ्या ओळीने निकाल लागला. अमेरिकन गॅलनभर पाण्याचं वजन साधारण ८.३४ पौंड, २४०० गॅलनचं २०,०१६. इम्पीरियल गॅलन जन्मालाच १० पौंड पाण्यावरून आला, तो असता तर पाटीवर २४,००० पौंड लिहिलेलं असतं. वीस हजार हा आकडा एकाच गॅलनशी जुळत होता. पाया भरणाऱ्याच्या सोयीसाठी कुणीतरी कधीकाळी लिहिलेलं ते वजन नेमक्या वेळी आमच्या उपयोगी पडलं.

आता जास्त झालेलं रसायन खाली आणायचं होतं. ०.६ वरून ०.५ वर यायचं तर पाण्याचा सहावा भाग बदलावा लागतो. ९.०८५ चा सहावा भाग १.५१ घनमीटर. टाकीच्या तळाच्या हिशेबाने पातळी २९ सेंटिमीटर खाली. भिंतीवर खडूने दोन रेषा मारल्या आणि वरच्या रेषेवरून खालच्या रेषेपर्यंत पाणी काढलं. ते झाकणबंद पिंपांत ठेवून पुढे थोडंथोडं वरभरणीला वापरलं, सोडून दिलं नाही. नंतर ताजं पाणी मीटरमधून भरलं. वरच्या रेषेला पाणी टेकलं तेव्हा मीटरने १.५३ घनमीटर दाखवले, रेषांवरून १.५२ येत होते. रसायन कमी करताना टाकीचा तळ आणि मीटर यांचीही एकमेकांशी पडताळणी झाली.

निकाल

दुसऱ्या दिवशीची चाचणी ठरलेल्या प्रमाणाला जुळली. पुढे वार्षिक सफाईला टाकी आणि पाइप पूर्ण रिकामे झाले, तेव्हा संपूर्ण भरणा मीटरमधून केला. आकडा आला ९.१२ घनमीटर. आमच्या मीटरला नेहमीच्या प्रवाहात दोन टक्क्यांची मुभा आहे, त्यामुळे ९.०८५ आणि ९.१२ यांत भांडण नाही. नोंदीत आम्ही ९.१ लिहिलं. गुणक नऊ आकडी अचूक आहे म्हणून ९.०८४९८८ लिहिलं असतं, तर टाकीविषयी जे आम्हाला माहीतच नव्हतं तेही माहीत असल्याचा आव आणल्यासारखं झालं असतं. गुणकात आकडे भरपूर ठेवावेत आणि उत्तर मोजमापाला झेपेल एवढंच लिहावं. छापील ०.००१ ने आम्हाला हेच उलटं करायला लावलं होतं.

नुकसान फार झालं नाही. एक लिटरच्या आत रसायन, दोन-तीन दिवसांचा वेळ. पण चूक उलटी झाली असती तर? टाकी खरोखर इम्पीरियल मापाची असती आणि मी अमेरिकन धरली असती, तर रसायन सुमारे १७ टक्के कमी पडलं असतं. तेही चाचणीत दिसलं असतं, पण चाचणी घेतली तर. कमी पडलेलं रसायन पाण्याचा रंग बदलत नाही, वासही देत नाही. कळतं ते पाइप गळायला लागल्यावर.

पुन्हा करायचं झालं तर

संशय असताना मी सगळ्यांत मोठा आकडा धरून मात्रा टाकली, हे मी पुन्हा करणार नाही. टाकलेलं रसायन काढायला दीड घनमीटर पाणी उपसावं लागलं, कमी टाकलेलं असतं तर वरून ओतून काम झालं असतं. सगळ्यांत लहान संभाव्य भरणा धरायचा, मोजायचं, मग लागेल तेवढं वाढवायचं. तीन आकडे समोर असतानाही हा साधा क्रम मला सुचला नाही, कारण मी माझ्या आकड्याच्या बाजूने बोलण्यात गुंतलो होतो.

दुसरं, मी भाषेवरून माप ओळखायला गेलो. वजन, लांबी-रुंदी, घनइंच, असं त्याच वस्तूचं दुसऱ्या जातीचं मोजमाप आधी शोधायला हवं होतं. एक पाटी, एक टेप, तासाभराचं काम. पौंड आणि गॅलन शेजारीशेजारी लिहिलेले असले की कुठला गॅलन हे विचारावंच लागत नाही, भागाकार सांगतो. भागाकार ८.३ च्या आसपास आला तर अमेरिकन, १० आला तर इम्पीरियल.

तिसरं, फरकाचा आकडा स्वतःच बोलतो, ही गोष्ट मला या प्रकरणाने शिकवली आणि तेव्हापासून मी ती वापरत आलो आहे. दोन हिशेबांत २० टक्क्यांचा फरक दिसला की इम्पीरियल आणि अमेरिकन द्रव क्वार्ट मिसळले आहेत का ते आधी बघतो. १६ टक्के असेल तर सुका आणि द्रव क्वार्ट. साडेपाच-पावणेसहा टक्के असेल तर कुणीतरी क्वार्टला लिटर म्हटलं आहे. चौपट असेल तर गॅलन आणि क्वार्ट, हजारपट असेल तर लिटर आणि घनमीटर. चाचणीचं साहित्य बदलण्याआधी ही तपासणी दोन मिनिटांत होते.

स्प्रेडशीटमध्ये आता गुणकाच्या रकान्याचं नाव नुसतं ‘क्वार्ट’ नाही, ‘अमेरिकन द्रव क्वार्ट’ आहे, आणि तो पूर्ण दशांश दाखवतो. एक्सेलमधलं कन्व्हर्ट फंक्शन वापरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. क्वार्टचा साधा संकेत दिला की ते अमेरिकन द्रव क्वार्ट धरतं, ब्रिटिश क्वार्टसाठी वेगळा संकेत आहे. उत्तर दोन्हींचं तितक्याच ठामपणे येतं.

त्याच पुस्तिकेत पुढे एक ओळ निघाली. गाळणीत दाणेदार माध्यम ४० क्वार्ट भरावं. या वेळी कुणी कॅल्क्युलेटर काढला नाही. फिटर टेप घेऊन गाळणीपाशी गेले. आतला व्यास ३० सेंटिमीटर, भरणाच्या खुणेपर्यंतची खोली ६२ सेंटिमीटर. ०.०४३८ घनमीटर, म्हणजे पावणेचव्वेचाळीस लिटर. ४० द्रव क्वार्टचे ३७.९ लिटर होतात, ४० सुक्या क्वार्टचे ४४.०५, आणि ४० इम्पीरियलचे साडेपंचेचाळीस. खुणेशी सुका क्वार्ट जुळला आणि दाणे सुका मालच, तेव्हा तो धरला. पुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने ‘सुका’ असं लिहिलं, खाली तारीख टाकली आणि दाणे खुणेपर्यंत भरले.